नाव न घ्यायची मुळी

त्या दिवशी नानांच्या दाताखाली खडा आला आणि पानावर बसलेलं कुणीच काही बोललं नाही.

एरवी खडा येणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. रेशनचा तांदूळ, त्यात तांदूळ निघतो हेच पुष्कळ, असं सगळं मुलुंड म्हणायचं. पण या घरात खडा येत नसे, कारण या घरातले तांदूळ अण्णा निवडायचे.

अण्णा म्हणजे नानांचे वडील. वय सत्त्याऐंशी. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी बेचाळीस वर्षं खिळे जुळवले. कुठलं अक्षर कुठल्या खणात, हे त्यांच्या बोटांना ठाऊक. डोळ्यांना विचारायची गरजच नाही. छापखाना सुटला, पुढे नजरही मंदावली, पण बोटं तशीच राहिली. उत्तरा लग्न होऊन या घरात आली, तेव्हा तिसऱ्याच दिवशी त्यांनी तिच्या हातातलं सूप काढून घेतलं होतं.

"तू कणीक भिजव. हे माझं खातं आहे."

"अहो पण अण्णा, नवी नातसून मी. लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या दाताखाली खडा येतो तेव्हा लोक काही म्हणतात का? गिळतात मुकाट्यानं. दे इकडे."

आणि मग सुपाच्या एका कोपऱ्यात खडे, एका कोपऱ्यात साळी, मधे पांढरा स्वच्छ तांदूळ. बोटं अशी चालायची की उत्तरा कणीक मळायची थांबून बघत राहायची. "एक जरी खडा राहिला तर रात्री मला उपाशी ठेव," असं ते वर म्हणायचे. चार वर्षांत ती पाळी आली नव्हती.

नानांनी तोंडातला खडा काढून पानाच्या कडेला ठेवला. थोड्या वेळानं दुसरा ठेवला. समोर अण्णा बसले होते. भातात हात तसाच, घास कालवलेला, आणि तो तोंडात न्यायचा हेच विसरल्यासारखे भिंतीकडे बघत.

"अण्णा, जेवा ना," उत्तरा हळूच म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. ओळख पटायला जरा वेळ लागला. मग, "हो, हो," म्हणून त्यांनी घास उचलला.

हे सगळं सुरू झालं शिमग्यानंतर. त्याआधी माघात एका सकाळी अण्णांच्या नाकातून रक्त आलं होतं. टिपणीस डॉक्टर घरी आले, दंडाला पट्टा बांधून त्यांनी फुगा दाबला, आणि त्यांच्या त्या डब्यातला पारा दोनशेच्या वर जाऊन उभा राहिला. डॉक्टर सज्जन माणूस. घाबरवलं नाही, पण नानांना बाजूला घेऊन म्हणाले, "रक्तवाहिन्या कडक झाल्यात. दाब उतरवायला हवा, नाहीतर एखाद दिवशी अंग लुळं पडेल." गोळ्या लिहून दिल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. आणि मीठ बंद.

गोळ्यांचं काम उत्तराकडे आलं. नाना आठच्या आत कचेरीला निघायचे, विद्याधर, म्हणजे तिचा नवरा, त्याही आधी भांडुपच्या कारखान्यात. सासूबाई रुक्मिणीबाईंना गोळीबिळीवर विश्वासच नव्हता. "खडूची भुकटी गो ती," म्हणायच्या आणि तोंड फिरवायच्या. त्या मालवणकडच्या. रागावल्या किंवा गहिवरल्या की तिकडची भाषा वर यायची.

मिठाचं अण्णांना फार वाईट वाटलं. घराच्या गच्चीवरून पूर्वेला मिठागरं दिसायची. उन्हाळ्यात तिथे पांढरे ढीगच्या ढीग उभे राहायचे. "हे बघ," ते उत्तराला म्हणायचे, "अर्ध्या कोसावर मिठाचे डोंगर आणि माझ्या आमटीत चिमूटभर नाही. याला म्हणायचं नशीब."

हे म्हणत होते तोवर सगळं ठीक होतं. शिमगा गेला आणि ते हे म्हणायचे थांबले. अळणी आमटी पुढे ठेवली तर अळणी, नाही ठेवली तर नाही. दुपारी झोपायचे ते दिवेलागणीपर्यंत. उठून उभे राहिले की भिंत धरायचे. विद्याधरला एकदा त्यांनी "मास्तर" म्हणून हाक मारली. छापखान्यातला कुणी मास्तर असावा, मरून वीस वर्षं झालेला. सगळे म्हणाले, वय झालं. सत्त्याऐंशी म्हणजे काय थोडं झालं? उत्तराही तेच म्हणाली. दुसरं काय म्हणणार? टिपणीस डॉक्टर येऊन पारा बघून गेले, तेव्हा मात्र खूश झाले. "एकशे वीस! तरण्या पोराला लाजवेल असा दाब आहे तुमचा, अण्णा." अण्णा त्यांच्याकडे बघून नुसते हसले, परक्या घरी पाहुणा हसतो तसे.

चैत्रात बोरिवलीला नणंदेचं, शुभाचं, दुसरं बाळंतपण झालं. रुक्मिणीबाई लेकीकडे गेल्या, बारशापर्यंत बारा दिवस. जाताना उत्तराला शंभर सूचना. दुधावर झाकण ठेव, कुळथाचं पीठ संपव, मामंजींना उन्हात बसू देऊ नकोस. उंबऱ्याशी पुन्हा थांबल्या, काहीतरी सांगायचं होतं. पण बोलल्या नाहीत, गेल्या.

पाचव्या दिवशी अण्णांनी अळणी आमटीला नाव ठेवलं.

उत्तरा पळीसकट थबकली. "काय म्हणालात?"

"म्हटलं, ही आमटी आहे की हात धुवायचं पाणी?"

तिला इतका आनंद झाला की तिला वाटलं आता रडू येणार. सातव्या दिवशी त्यांनी सूप मागून घेतलं. नवव्या दिवशी रात्रीच्या भातात एकच खडा निघाला आणि बाराव्या दिवशी तोही नाही. दहा महिन्यांच्या क्षमाला मांडीवर घेऊन ते तिला बडबडगाणी म्हणायला लागले, मधेच चाल विसरली तर स्वतःची जोडायला लागले.

त्यातल्याच एका संध्याकाळी ते उत्तराला म्हणाले, "मधे मला काय झालं होतं गं?"

"तुम्हाला आठवतंय?"

"आठवत नाही, तेच तर. डोक्यावर कुणीतरी ओली गोधडी टाकल्यासारखं होतं. तुमचे आवाज यायचे, पण पलीकडच्या आळीतून आल्यासारखे. उत्तर द्यायचं असायचं मला. देईदेईपर्यंत तुम्ही उठून गेलेले असायचात." त्यांनी क्षमाच्या पायातलं सुटलेलं वाळं नीट केलं. "असं पुन्हा झालं तर मला गावाला धाडू नका हं. तुझा सासरा, जयवंता, मनातून चांगला आहे, पण त्याला सोय कळते. वाडीत माझ्या वयाचं आता एक आंब्याचं झाड तेवढं उरलंय. त्याच्याशी मी काय बोलू?"

"कोण धाडतंय तुम्हाला," उत्तरा म्हणाली. "मी आहे ना."

म्हणायला काय, माणूस म्हणून जातो.

रुक्मिणीबाई परत आल्या आणि आठ-दहा दिवसांत अण्णा पुन्हा त्या गोधडीखाली गेले. भातात खडे आले. आणि मग ते घडलं. उत्तरा गच्चीवर कुरडया घालायला गेली होती, क्षमा अण्णांच्या मांडीवर होती. ती खाली आली तर अण्णा आत खाटेवर पडलेले, डोळे उघडे, आणि क्षमा बाहेर जिन्याच्या पहिल्या पायरीशी, एकटी, कठड्याच्या गजाला धरून उभं राहायला शिकत असलेली. खाली अठरा पायऱ्या.

उत्तरानं मुलीला असं काही उराशी धरलं की पोर भेदरून रडायला लागली. अण्णा खाटेवरून विचारत होते, "कोणाचं मूल रडतंय गं?"

त्या दिवसापासून तिनं क्षमाला त्यांच्याजवळ दिलं नाही. तेही मागत नव्हते, आणि ते मागत नाहीत याचंच तिला जास्त लागत होतं.

नानांनी त्याच आठवड्यात ठरवलं. आरडाओरडा नाही काही नाही, त्यांच्या स्वभावातच नव्हतं ते. "इथे दोन मजले, जिना, घरात दोघी बायका आणि तान्हं मूल. गावाला अंगण आहे, पुतण्या आहे, घरात चार माणसं आहेत. तेवीस मेची बोट शेवटची. त्यानंतर दर्या खवळला की गणपतीपर्यंत बोट नाही. मी स्वतः नेऊन पोचवतो, येताना एस.टी.नं येईन; तो प्रवास त्यांना झेपायचा नाही." विद्याधरनं मान खाली घातली. उत्तरानं काही बोलायला तोंड उघडलं, पण तिच्या डोळ्यांपुढे पायरीशी उभी असलेली क्षमा आली आणि ती पाळण्याशी जाऊन बसली.

तिकिटं आली. मेची सहा तारीख होती.

सात तारखेला पहाटे क्षमाचं पोट दुखायला लागलं. पाय पोटाशी घेऊन ती रडत होती. उत्तरा गुटी उगाळायला उठली. तिला वाटलं, आपणच आधी उठलो. पण सहाण ओली होती. वेखंडाचे दोन वेढे, मुरडशेंगेचे दोन, जायफळ, हळकुंड. बोटावर चाटण घेतलं, आणि लेकराच्या तोंडात घालण्याआधी सवयीनं स्वतःच्या जिभेवर टेकवलं.

कडू. असं कडू की कानशिलं थरारली.

गुटी तुरट असते, उग्र असते. इतकी कडू नसते. तिनं सहाण उजेडात धरली. आपल्या पिवळ्या चाटणाखाली तिला मातकट रंगाचा जुना लेप दिसला. सहाण कुणीतरी घाईघाईनं धुतली होती आणि तो घाईत राहिला होता. तिनं सहाण तीनदा घासली, पुन्हा गुटी उगाळली, मुलीला दिली आणि तिला पाळण्यात टाकून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

रुक्मिणीबाई अण्णांच्या खाटेशी वाकून त्यांना पेल्यातून दूध पाजत होत्या. डोक्यावरून पदर, तोंड बाजूला वळवलेलं. सासऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही हा त्यांचा पस्तीस वर्षांचा रिवाज. अण्णा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. रोजच पीत असत. रोज पहाटेचं दूध सासूबाईच देत. बोरिवलीचे बारा दिवस सोडून.

बारा दिवस सोडून, उत्तराच्या मनात पुन्हा आलं, आणि सासूबाई आंघोळीला जाताच ती एकेक फळी धुंडाळायला लागली.

देव्हाऱ्यामागच्या फळीवर, हळदीच्या डब्याआड, तिला ते सापडलं. तांबड्या फडक्यात बांधलेल्या बोटभर लांबीच्या वाकड्यातिकड्या मुळ्या. तिनं त्यातला एक तुकडा मोडून कमरेला खोचला. लग्न झाल्यापासून या घरात तिनं केलेली ही पहिली चोरी.

टिपणीस डॉक्टरांनी तुकडा हातात घेतला, वास घेतला, नखानं साल खरवडली आणि कणभर जिभेवर ठेवून तोंड वाकडं केलं.

"हे कुठे मिळालं तुम्हाला, वहिनी?"

"काय आहे ते?"

"सर्पगंधा. मी अण्णांना ज्या गोळ्या देतोय ना, त्या हिच्याच. ही त्या गोळीची आई म्हणा." त्यांनी मान वर केली. "कोण घेतंय हे?"

डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तुकडा टेबलावर ठेवला.

"किती दिवस?"

"शिमग्यापासून, वाटतं. मधे बारा दिवस नव्हतं. तेव्हा ते बरे होते."

"अरे देवा," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?"

"दुसऱ्या. तुम्ही आला होता की."

"तुमच्या नळाला पाणी कधी येतं?"

"पहाटे. जोर असतो तेव्हा. नऊनंतर नुसती करंगळीएवढी धार."

"आणि नळ जुना असेल, आतून गंजून अरुंद झालेला असेल, तर जोर जास्त लागणार की कमी?"

"जास्त."

"डोकं हा वरचा मजला, वहिनी. सत्त्याऐंशी वर्षांच्या जुन्या नळातून तिथवर रक्त चढवायचं तर थोडा जोर लागणारच. मी तो जरा उतरवायला गेलो, तुमच्या घरात तो दुसऱ्यांदा उतरला. आणि मी मूर्ख! आकडा छान आला म्हणून त्यांची पाठ थोपटून आलो. तरण्या पोराचा दाब म्हाताऱ्याच्या अंगात, त्यात खूश होण्यासारखं काय होतं? आकडा बघितला, माणूस नाही बघितला." त्यांनी कागद ओढला. "मुळी आजपासून बंद. माझी गोळीही अर्धीच, संध्याकाळची. आमटीत थोडं मीठ चालेल. दोनशे पुन्हा होऊ द्यायचं नाही, पण एकशे वीसही नको. दर आठवड्याला मी येऊन बघेन."

"मग होतील ना ते पहिल्यासारखे?"

"तेव्हा बारा दिवसांत उजाडलं होतं, म्हणजे आशा आहे. पण या वयात गेलेलं सगळं परत येतंच असं मी तुम्हाला लिहून देणार नाही."

घरी येईपर्यंत उत्तराच्या डोक्यात एकच घोळ. आज संध्याकाळी नानांना सांगितलं की झालं, अण्णांचं जाणं टळलं. आणि सासूबाई? पस्तीस वर्षं ज्या घराची चूल त्यांनी सांभाळली, त्या घरात नवऱ्यापुढे, मुलापुढे त्यांना उभं करायचं? तेही सुनेनं? त्यांच्या फळीवर हात घालून?

दुपारी दोघी गच्चीवर होत्या. कुरडया उलटत होत्या. उत्तरानं कमरेचा तुकडा काढून चटईवर ठेवला.

रुक्मिणीबाईंनी तो बघितला. त्यांच्या हातातली कुरडई मोडली.

"चोरलंस?"

"हो."

"देवामागचं चोरलंस? कोणाक दाखवलंस?"

"डॉक्टरांना."

"नाव घेतलं त्यांनी?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "घेतलं ना? झालं. गेला गुण. गावच्या गुणाजीनं शपथ घालून दिली होती, मुळीचं नाव घ्यायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, देताना बघू द्यायचं नाही. शिमगा आटोपून पुतण्या आला तेव्हा घेऊन आला. अख्ख्या पंचक्रोशीत दाब उतरवायला गुणाजीसारखा माणूस नाही. आणि तू..."

"आई, तिचा गुण गेलेला नाही. फार आला. मी देते त्या गोळ्या त्याच मुळीच्या आहेत."

रुक्मिणीबाईंनी मुळीचा तुकडा उचलून उलटसुलट करून बघितला.

"मी सकाळ-संध्याकाळ देत होते, तुम्ही पहाटे देत होता. तुम्ही मला सांगितलं नाहीत, आणि मी कधी विचारलं नाही, दुधात काय घालता म्हणून. डॉक्टर म्हणाले, दाब इतका उतरला की डोक्यापर्यंत रक्त पोचेना."

खालच्या रस्त्यावरून एक फेरीवाला ओरडत गेला. तो दूर जाईपर्यंत रुक्मिणीबाई मोडलेल्या कुरडईचे तुकडे एकेक करून वेचत होत्या.

"माझा बाप तीन वर्षं लुळा पडून होता," त्या म्हणाल्या. "अर्धं तोंड वाकडं. मी चौदा वर्षांची. त्याचं सगळं मी काढलं. बोलायला जायचा तर नुसती लाळ. टिपणीस म्हणाले ना, अंग लुळं पडेल, तेव्हापासून मला झोप नव्हती. म्हटलं, मामंजींचं तसं नको व्हायला. खडूच्या भुकटीनं काय होणार?" आणि मग पदर तोंडावर घेऊन, "माका कोणी सांगूक नाय गो. माका कोणी सांगूक नाय."

उत्तरा त्यांच्याजवळ सरकली. आजवर ती सासूबाईंच्या पाया पडली होती, त्यांच्या केसांना तेल लावलं होतं. खांद्यावर हात कधी ठेवला नव्हता. तो ठेवावा की नाही हे ठरेपर्यंत तो ठेवला गेला होता.

बऱ्याच वेळानं रुक्मिणीबाईंनी डोळे पुसले. "ह्यांना सांगू नको. मुळी मी आजच बंद करते. तेव्हा बारा दिवसांत सुधारले ना? मग आत्ताही सुधारतील. सुधारले की हे आपणच तिकिटं परत करतील. कोणी काही सांगायला नको."

"आणि नाही केली तर?"

"करतील," त्या म्हणाल्या, पण उत्तराकडे न बघता.

दोघी दिवस मोजत राहिल्या. पहिला आठवडा तर काहीच नाही. अण्णा झोपायचे, उठायचे, भिंत धरायचे. उत्तरा आमटीत चिमूटभर मीठ घालायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. नवव्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र मागितलं; उलटं धरलं आणि तसंच वाचलं. उत्तरा पुढे सरकली. "अहो, सुलटं धरा ना."

"सुलटं सगळेच वाचतात," अण्णा म्हणाले. "मी जन्मभर खिळ्यांवर उलटंच वाचलं. बघतो येतंय का अजून."

बाराव्या दिवशी ते चांगले होते. अगदी आधीसारखे नाही. वार विसरत होते, एकच गोष्ट दोनदा विचारत होते. पण विचारत होते. चौदाव्या दिवशी उत्तरा त्यांच्या खाटेवर बसली आणि तिनं क्षमाला त्यांच्या मांडीवर दिलं. स्वतः उठून गेली नाही. त्यांनीही ते ओळखलं. "बस, बस इथेच," ते म्हणाले. "मलाही बरं वाटेल."

बावीस तारखेला संध्याकाळी नानांनी वळकटी बांधायला घेतली.

रुक्मिणीबाई आतून बघत होत्या. उत्तरानं त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी नजर चुकवली. विद्याधरनं धीर करून म्हटलं, "नाना, अण्णा बरे दिसतायत हो हल्ली. थांबूया का जरा?"

"चैत्रातही बरे दिसत होते," नाना म्हणाले. दोरी ओढता ओढता त्यांचा आवाज जड झाला होता. "दहा-बारा दिवस. मग काय झालं? पोर जिन्याशी गेली. का बरे होतात, का बिघडतात, काही कळतं का आपल्याला? उद्याची बोट गेली आणि पुन्हा बिघडले, तर गणपतीपर्यंत काय करायचं, सांग. मला काय हौस आहे?"

खरंच होतं ते. नुसतं बरं होणं पुरेसं नव्हतं. का बरे झाले हे कुणीतरी सांगायला हवं होतं. उत्तरानं पाय उचलला. तेवढ्यात तिला दंडाला धरून कुणीतरी मागे सारलं.

रुक्मिणीबाई बाहेरच्या खोलीत गेल्या. पदर डोक्यावरून घेतलेला. नवऱ्याकडे नाही, मुलाकडे नाही, त्या सरळ खाटेपाशी गेल्या आणि सासऱ्यांसमोर खाली बसल्या. मान वर करून त्यांनी अण्णांच्या तोंडाकडे बघितलं.

"मामंजी, मला बोलायचंय."

नानांच्या हातातली दोरी सैल पडली.

"शिमग्यापासून मी तुमच्या दुधात मुळी उगाळून घालत होते. गुणाजीकडची. कोणाला सांगितलं नाही, नाव घ्यायचं नव्हतं म्हणून. डॉक्टरच्या गोळ्याही त्याच मुळीच्या, मला ठाऊक नव्हतं. दोन्ही मिळून तुमचं ते तसं झालं. बोरिवलीला गेले तेव्हा दिली नाही, म्हणून बरे झालात. आता पंधरा दिवस बंद आहे, म्हणून बरे आहात. परत बिघडणार नाही. पोर जिन्याशी गेली ती तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे." एका दमात एवढं बोलून त्यांचा श्वास संपला.

विद्याधर उत्तराकडे बघत होता. तिनं नुसती मान हलवली.

अण्णांना सगळं उमगायला वेळ लागला. त्यांचे ओठ हलले, थांबले. मग ते म्हणाले, "तरीच कडू लागायचं."

"तुम्हाला लागत होतं?" रुक्मिणीबाई दचकल्या. "मग बोलला का नाहीत?"

"सुरुवातीला बोलणार होतो. पुढे बोलणंच सुचेना." ते जरा हसले. "आणि तू दिलेलं गं. पस्तीस वर्षांत तू पुढे केलेलं मी कधी परत केलंय? म्हटलं, कडू आहे तर काहीतरी कारण असेल."

रुक्मिणीबाईंनी कपाळ खाटेच्या काठाला टेकवलं. अण्णांचा हात उचलला गेला, हवेत जरासा घुटमळला आणि त्यांच्या डोक्यावरच्या पदरावर जाऊन राहिला.

"मला सांगायचंस," नाना वळकटीजवळून म्हणाले. रागानं नाही. "मी काय खाल्लं असतं तुला?"

"सांगितलं आत्ता," रुक्मिणीबाई डोकं न उचलता म्हणाल्या.

"त्या गुणाजीला मात्र मी उद्या गावात गाठून..."

"त्याला काही बोलायचं नाही. घरात डॉक्टरचं औषध चालू आहे, हे मी त्याला कुठे कळवलं होतं? त्यानं द्यायची तशी दिली."

"मग उद्या मी जाऊन करू काय?"

"तिकीट तुझं आहे, तू जा," अण्णा म्हणाले. "पुतण्या धक्क्यावर येऊन ताटकळेल बिचारा. त्याला सांग, म्हातारा येत नाही म्हणाला. आणि जयवंता, ती वळकटी सोड आधी. मघापासून मला पाठ टेकायची आहे."

नाना गाठीशी झटापट करू लागले. मघाशी बोलताबोलता त्यांनी ती फार घट्ट मारली होती. विद्याधर पुढे झाला, मग उत्तराही क्षमाला कडेवर घेऊन खाली बसली आणि तिघांनी मिळून ती गाठ सोडवली.